आठांत तीन, दहांत चार

खिळा भिंतीतच राहिला, रंगांच्या पट्ट्यांचं कार्ड हातात आलं. मिलिग्रॅमने ते उलटं करून पाठीवरची धूळ बाहीने पुसली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि डब्याच्या पिशवीत, डब्याच्या मागे उभं सरकवलं. पिशवी नेहमीच्या जागी, वजनकाट्याखालच्या कप्प्यात ठेवली. सकाळचे पावणेआठ वाजले होते. रंगखोलीत अजून कुणी फिरकलं नव्हतं. भिंतीवर कार्डाएवढा पांढरा चौकोन उघडा पडला होता. बाकी भिंत इतक्या वर्षांच्या वाफेने निळसर झालेली. त्या चौकोनावरून त्याने एकदा बोट फिरवलं आणि काटा पुसायला घेतला.

ही काही चोरी नव्हती. कार्ड त्याच्या बायकोचं होतं. पट्ट्या तिने कापलेल्या, खळ तिने लावलेली, अक्षर तिचं. घरी त्याने कालच पलंगासमोरच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. आपली वस्तू आपल्या घरी न्यायची, एवढंच तो करत होता. फक्त दिवस त्याने निवडून काढला होता. त्यासाठी तो दोन महिने थांबला होता.

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात मिलिग्रॅम एकवीस वर्षं काट्यावर होता. नाव रंगखोलीच्या मास्तरांनी ठेवलेलं. अंगाने काटकुळा, आणि काट्यावरचा रंग चिमटीचिमटीने कमी करत बसणारा, म्हणून मिलिग्रॅम. पुढे तेच रूढ झालं, इतकं की पगाराच्या पाकिटावरसुद्धा एकदा कारकुनाने तेच लिहून टाकलं होतं. त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. मास्तर जे देतील ते मुकाट्याने घ्यायची सवयच होती सगळ्यांना.

काम तसं सोपं. निळ्या रंगाचं दाट पाणी मोठ्या पिंपात तयार असे. त्याला सगळे मूळ म्हणत. त्यातलं किती घ्यायचं आणि साधं पाणी किती घालायचं, यावर छटा ठरे. मूळ जास्त तर कापड गडद, कमी तर फिकं. घोळ असे तो लिहिण्यात. जुन्या वहीत अपूर्णांक होते, आठांत तीन भाग मूळ, बारांत पाच भाग. नव्या काट्याबरोबर जो तक्ता आला त्यात पॉइंट देऊन लिहिलेलं. रंग पुरवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात सगळे टक्के. एकाच निळ्याचे तीन बोलींतले हिशेब एका टेबलावर येत, आणि यातलं गडद कुठलं हे मास्तरांनी सांगायचं असे.

मास्तर सांगतही. हात पाठीमागे बांधून ते भिंतीवरच्या कार्डासमोर उभे राहत, घरातला जुना फोटो पाहावा तसे, आणि थोड्या वेळाने म्हणत, "मी डोळ्याचा माणूस आहे. आकड्यांत काय ठेवलंय?" ऐकणाऱ्याला वाटे, काय नजर आहे. मास्तरांचा डोळा पट्ट्यांवर नसे, पट्ट्यांखालच्या बारीक अक्षरावर असे, हे फक्त मिलिग्रॅमला ठाऊक होतं. तेही दोन महिन्यांपासून.

तीन वर्षांपूर्वी हे कार्ड नव्हतं. तेव्हा नमुन्यांच्या टेबलावर त्याची बायको होती. गणवेशाच्या कापडाचं मोठं काम आलं होतं आणि गिऱ्हाइकाला दोन छटांतली जास्त गडद हवी होती. एक होती आठांत तीन, दुसरी पॉइंट चार. मास्तर म्हणाले, आठांत तीन गडद. बायको म्हणाली, "मास्तर, पॉइंट चार म्हणजे दहांत चार. ती गडद." मास्तर हसले होते. त्या आकड्यात चांगला आठ बसलाय, तीन आहे, आणि तुमचा चार एकटा, असं काहीतरी म्हणाले होते. तिने पाटीवर मांडून दाखवायला खडू घेतला, तर मास्तर निघूनही गेले. मिलिग्रॅम चार हातांवर आठांत तीनचं मूळ तोलत उभा होता.

कापड फिकं झालं. सगळंच्या सगळं परत आलं. मालकांनी रंगखोलीत येऊन विचारलं तेव्हा मास्तरांनी नमुन्याच्या टेबलाकडे बोट केलं, म्हणाले, बाईंनी सांगितलं तसं केलं. बायकोने टेबलाची कड दोन बोटांनी धरली. ती मालकांकडे पाहत नव्हती, मिलिग्रॅमकडे पाहत होती. मालकही मग त्याच्याकडे वळले. तू इथंच होतास ना, काय म्हणाली ती?

"मला आकड्यांतलं कळत नाही, मालक," तो म्हणाला होता. "मी नुसता तोलतो."

खोटं नव्हतं ते. त्याला खरंच कळत नव्हतं. ती चुकली असली तर दोघंही घरी बसू, असं त्या क्षणी त्याच्या मनात आलं होतं. एवढाच विचार, एका श्वासाचा.

तिला कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात टाकलं. जाण्याआधीच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत बसून तिने ते कार्ड केलं. बारा छटांच्या बारा पट्ट्या, फिकीपासून गडदपर्यंत, प्रत्येकीखाली तिन्ही तऱ्हांनी प्रमाण. आठांत तीन पाचवी, दहांत चार सहावी. ती ते घेऊन मालकांकडे गेली. मालक घाईत होते, छान आहे म्हणाले, रंगखोलीत लावा म्हणाले. मास्तरांनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. पुढे कुणी पाहुणा आला की ते सांगत, हे आम्ही बनवून घेतलं. तिच्या बाजूचा पुरावा तीन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला होता, आणि तो वाचत होते एकटे मास्तर.

घड्यांच्या खात्यात तिने दीड वर्ष काढलं. मग आजारी पडली. तो आजार कुठूनही आला असता, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मिलिग्रॅमला ते पटत होतं. पण शेवटच्या दिवसांत एका दुपारी ती उशीवरून त्याच्याकडे वळून म्हणाली होती, "अहो, तुम्ही सांगा. आठांत तीन मोठे का दहांत चार?"

"तू पड जरा," तो म्हणाला होता.

ती गेल्यावर दहा महिन्यांनी कपाट आवरताना तिची वही हाती लागली. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, सगळं आधी शंभरावर आणायचं. खाली उदाहरणं. साठीला टेकलेला माणूस रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भागाकार करायला लागला. कळे, पण विश्वास बसेना. आकड्यांनी आयुष्यभर फसवल्यासारखं त्याला वाटत आलं होतं. शेवटी एका रविवारी त्याने कारखान्यातून आणलेलं वाटीभर मूळ घेतलं, चमचा घेतला आणि दोन भांडी मांडली. एकात तीन चमचे मूळ, पाच पाणी. दुसऱ्यात चार चमचे मूळ, सहा पाणी. जुन्या चादरीच्या दोन चिंध्या बुडवल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर शेजारीशेजारी घातल्या. ओल्या होत्या तोवर काही कळत नव्हतं. ओलं कापड सगळंच गडद दिसतं, वाळल्याशिवाय बोलू नये, हे ती नेहमी म्हणायची. तो खुर्ची टाकून बसून राहिला. चारच्या सुमाराला उन्हाने चिंध्या कडक झाल्या आणि फरक समोर आला. थोडाच, पण आंधळ्यालाही दिसावा असा.

त्या दिवसापासून त्याला मास्तरांचं सगळं दिसायला लागलं. कार्डासमोर उभं राहणं, पाठीमागची बोटं मोजल्यासारखी हलणं. आणि त्याने ठरवलं, या माणसाला आपण बोटही लावायचं नाही. फक्त त्याच्या समोरची भिंत मोकळी करायची.

सव्वाआठला चष्मेवाली आली. नमुन्याच्या टेबलावर आता ती असे. दोन मुलांची आई, कामाला चोख, दर दहा मिनिटांनी वाफेने भरलेला चष्मा पदराने पुसणारी. पिशवी ठेवता ठेवताच तिचं भिंतीकडे लक्ष गेलं.

"काका, कार्ड कुठं गेलं?"

"काढून ठेवलंय मी," मिलिग्रॅम म्हणाला. "कड सुटली होती."

तिने आणखी काही विचारलं नाही. काट्याखालच्या पिशवीतून वर्तमानपत्राचं टोक बाहेर आलेलं तिला दिसलं असावं, कारण ती चष्मा पुसताना तिकडेच बघत होती. मग तिने सात पट्ट्या मोजून एकेका पुठ्ठ्यावर डकवल्या आणि टेबलावर उपड्या ठेवल्या. काल तिने सात चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, मिलिग्रॅमने त्याप्रमाणे तोललं होतं, आणि पट्ट्या रात्रभर वाळत होत्या. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यामागे तिच्या चिठ्ठीची खूण होती.

अकराला मालक आले, मास्तर आले आणि गिऱ्हाईक कंपनीची तपासनीस बाई आली. बाई कमी बोलणारी होती. नव्या कामात सात छटा लागणार होत्या, आणि ते काम मिळालं तर पलीकडे उभा राहत असलेला नवा कारखाना मास्तरांच्या हाताखाली जाणार, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मास्तरांनी त्यासाठी नवा शर्ट घातला होता. खोलीत शिरताच त्यांनी आपल्या डोळ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. बाईने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, डोळा नंतर बघू. पट्ट्या उपड्याच राहू देत. आधी या सात चिठ्ठ्या फिक्यापासून गडदपर्यंत लावून दाखवा.

मास्तर म्हणाले, त्यात काय. चिठ्ठ्या घेतल्या आणि सवयीने हात पाठीमागे बांधून भिंतीकडे वळले.

मिलिग्रॅमने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. नव्या शर्टाला घडीच्या चार रेघा होत्या. पाठीमागची बोटं थांबली. मग एक अंगठा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासला जाऊ लागला. ही पाठ पाहण्यासाठी तो दोन महिने जेवला होता, झोपला होता, उठला होता.

"कार्ड..." मास्तर म्हणाले.

कसलं कार्ड, बाईने विचारलं. काही नाही, म्हणाले मास्तर, आणि टेबलाशी आले. चिठ्ठ्या पसरल्या. तीनांत एक. पस्तीस टक्के. आठांत तीन. पॉइंट चार. पॉइंट चार शून्य पाच, ते मात्र पॉइंट चारशे पाच असं वाचत होते. बारांत पाच. पंचेचाळीस टक्के. त्यांनी एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. कपाळावर घाम आला तो वाफेचा असेल असं कुणालाही वाटलं असतं. मग ते हसले आणि सहज विचारल्यासारखं करत काट्याकडे वळले.

"मिलिग्रॅम, तू रोज हेच तोलतोस. सांग बघू यांना, यात सगळ्यांत हलकी कुठली?"

वाक्य तयारच होतं. तीन वर्षं ते त्याच्या तोंडात होतं.

"मला आकड्यांतलं कळत नाही, मास्तर," तो म्हणाला. "मी नुसता तोलतो."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं का, हे मिलिग्रॅमला कळलं नाही. आठवायला हवं होतं. पण मालकांनी मान वर केली होती, एवढं त्याने पाहिलं.

मास्तरांनी चिठ्ठ्या लावल्या. फिक्या टोकाला पॉइंट चार, कारण चार एकटा. मग तीनांत एक, आठांत तीन, बारांत पाच, पस्तीस टक्के, पंचेचाळीस टक्के. गडद टोकाला पॉइंट चारशे पाच. बाईने खुणा पाहून त्याच क्रमाने सात पट्ट्या मांडल्या आणि एकेक उलटी केली.

निळा रंग टेबलावर वरखाली उड्या मारत गेला होता. सगळ्यांत फिकी दुसरी पडली होती, सगळ्यांत गडद सहावी. आणि पहिली न् सातवी, दोन टोकांना बसलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या एकसारख्या.

मिलिग्रॅमने काट्याच्या ताटलीवर हात ठेवला. काट्याचा आकडा वर चढला.

"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे," मास्तर म्हणाले. आवाज आता नेहमीसारखा होता. "ही नवीन आहे. मी परवाच मालकांना म्हणणार होतो."

त्यांनी बोट केलं ते नमुन्याच्या टेबलाकडे. चष्मेवालीने टेबलाची कड धरली. दोन बोटांनी. चष्म्यावर वाफ चढली होती, तरी ती पुसत नव्हती. ती मालकांकडे बघत नव्हती, मास्तरांकडेही नाही. मिलिग्रॅमकडे पाहत होती, आणि मग एकदा, क्षणभर, काट्याखालच्या पिशवीकडे. कार्ड कुठं आहे ते तिला माहीत होतं. ती सांगत नव्हती.

मालक मिलिग्रॅमकडे वळले. म्हणाले, सगळं तूच तोललंस. हिने चिठ्ठ्या बरोबर दिल्या होत्या का?

हे त्याने धरलं नव्हतं. दोन महिन्यांत त्याने मास्तरांची पाठ धरली होती, शर्ट धरला होता, शांतता धरली होती. ही चष्मेवाली त्यात कुठंच नव्हती. गप्प राहिलं तर मास्तरांचं आज हसं झालंच होतं, थोडं कमी झालं असतं इतकंच. बाकीचं तिच्या अंगावर गेलं असतं. त्यासाठी त्याला काहीच करायचं नव्हतं. तेव्हाही काही करायचं नव्हतं.

त्याने ताटलीवरचा हात काढला, टेबलाशी गेला आणि सातही पट्ट्या गोळा केल्या.

"हिच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत," तो म्हणाला.

मग तो पट्ट्या मांडायला लागला. "तीनांत एक. शंभरावर आणलं तर तेहतीसच्या थोडं वर. ही पहिली. मग पस्तीस टक्के, ते शंभरावरच आहे. आठांत तीन, साडेसदतीस. पॉइंट चार म्हणजे दहांत चार, चाळीस. हे चारशे पाच नाही मास्तर, हे साडेचाळीस. चाळीसच्या अगदी शेजारी, म्हणून जुळ्या दिसतात. बारांत पाच, एक्केचाळीसच्या वर. आणि पंचेचाळीस शेवटी."

सात पट्ट्या फिकीपासून गडदपर्यंत एका ओळीत उतरत गेल्या. बाई वाकून पाहत होती. मिलिग्रॅमने तिसरी आणि चौथी उचलून मास्तरांसमोर धरल्या.

"आठांत तीन दहांत चारपेक्षा कमी असतात," तो म्हणाला. "तेव्हाही कमीच होते."

मास्तरांचा चेहरा त्याने मनात जसा पाहिला होता, तसाच झाला होता. तो बघायचं त्याने ठरवलेलं होतं म्हणून त्याने तो नीट पाहिला. मग पिशवीतून कार्ड काढलं, वर्तमानपत्र सोडलं आणि ते पट्ट्यांच्या वर ठेवलं. ओळ ओळीला लागली.

बाईने कार्ड हातात घेतलं, खालची अक्षरं चष्मा न लावता वाचता यावीत म्हणून लांब धरलं. फार नेटकं काम आहे, म्हणाली. हे कोणाचं? मला त्यांना भेटायचंय.

"माझ्या बायकोचं," मिलिग्रॅम म्हणाला. "ती गेली. वर्ष झालं."

बाईने कार्ड हळूच खाली ठेवलं. मालक अजून चौथ्या पट्टीकडे बघत होते. त्यांनी ती उचलली, उजेडाकडे नेली, परत आणली.

"त्या गणवेशाच्या वेळी," ते म्हणाले, "ती मास्तरांना हेच म्हणाली होती?"

"हो."

"तुझ्यासमोर?"

काट्यावरचा आकडा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ गेला. चष्मेवालीने चष्मा काढून पुसायला घेतला होता. पलीकडे पिंपात मूळ ढवळल्याचा आवाज येत होता.

"हो," तो म्हणाला.

मालकांनी पट्टी तिच्या जागी ठेवली, बोटाने सरळ केली आणि बाईला घेऊन कचेरीकडे गेले. मास्तर मागे राहिले. ते आता रागावलेले दिसत नव्हते. ते मिलिग्रॅमकडे पाहत होते, आपल्याच बाकावर येऊन बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं, आणि थोडं सरकून जागा करून द्यावी तसं त्यांनी टेबलाशेजारचं स्टूल त्याच्याकडे लोटलं. मिलिग्रॅम बसला नाही. मग तेही गेले.

चष्मेवालीने सात पट्ट्यांना टाचणी लावली. कार्ड उचलून ती त्याच्याजवळ आली.

"काका, हे तुम्ही घरी नेत होता ना? न्या. मी लिहून घेते त्यावरचं."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"राहू दे इथंच," तो म्हणाला. "तुला लागेल."

तिने ते खिळ्याला अडकवलं. मागे सरून पाहिलं, पुन्हा जाऊन एक बाजू वर केली. पांढरा चौकोन झाकला गेला. सरळ लागलंय का, तिने विचारलं. तो काट्याजवळ उभा होता तिथून अक्षरं दिसत नव्हती, नुसता निळा रंग पट्टीपट्टीने गडद होत गेलेला दिसत होता. सरळ आहे, तो म्हणाला. मग वर्तमानपत्राची घडी घालून पिशवीत ठेवली. घरी पलंगासमोरचा खिळा तसाच राहणार होता, आणि रोज झोपताना समोर दिसणार होता.